आधी मालकीची वही लिहा: जीयूआय टूलकिटच्या पायथन बाइंडिंगची देखभाल

कुडाळच्या एका तरुण इंजिनिअरचा प्रश्न आहे. वजनकाटे आणि लेबल-प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी त्यांच्या कंपनीने सी++ मध्ये एक छोटं जीयूआय टूलकिट लिहिलंय. खिडक्या, बटणं, मजकुराच्या चौकटी, काट्याचा मोठा आकडा दाखवणारी पाटी, एवढंच त्यात आहे. पायथनमधून ते वापरता यावं म्हणून एका सहकाऱ्याने पायबाइंड११ हे साधन वापरून बाइंडिंग, म्हणजे दोन भाषांमधला दुवा, लिहिली, आणि तो नोकरी सोडून गेला. आता सगळं यांच्या गळ्यात. ते लिहितात: "पायथनची नवी आवृत्ती आली की बिल्ड तुटतो. आणि वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात प्रोग्राम दिवसातून एकदोनदा काहीही संदेश न देता नाहीसा होतो. सगळं नव्याने लिहू का?"

नव्याने लिहू नका. माझ्याकडे रत्नागिरीत अशाच एका टूलकिटच्या बाइंडिंगची देखभाल अकरा वर्षं आहे. माझी बाइंडिंग सिप या दुसऱ्या साधनावर उभी आहे, तुमची पायबाइंडवर, पण दुखणी बहुतेक सारखीच असतात. तुम्ही दोन तक्रारी सांगितल्यात. त्यातली बिल्ड तुटण्याची, म्हणजे कोडमधून चालणारं मॉड्यूल तयार न होण्याची, तक्रार सोपी आहे, तिच्याकडे शेवटी येतो. न सांगता नाहीसं होणं हे खरं दुखणं, आणि नव्याने लिहिलं तरी ते तुमच्याबरोबर नव्या घरात राहायला येईल. कारण त्याचं मूळ कोडच्या जुनेपणात नाही, मालकीच्या घोळात आहे.

हे जरा सावकाश सांगतो, कारण सगळी देखभाल याच एका गोष्टीभोवती फिरते. पायथनमध्ये वस्तूला किती जणांनी धरलंय याची मोजणी चालते. शेवटचा हात सुटला की वस्तू जाते. सी++ च्या टूलकिटमध्ये तसं नसतं. तिथे खिडकी आपल्या पोटातल्या बटणांची मालक असते, आणि खिडकी मोडली की बटणं तिच्याबरोबर मोडतात, मग त्यांना कोणी का धरून बसलेलं असेना. बाइंडिंग या दोन पद्धतींच्या बांधावर उभी असते. आपल्याकडे बाग कराराने देतात तेव्हा काय ठरतं ते आठवा. त्या हंगामाचं फळ करारदाराचं, कलमं मालकाची. करारदाराने कलमाला कोयता लावायचा नाही, आणि करार संपल्यावर त्या बागेत पाय ठेवायचा नाही. एवढं दोघांना स्पष्ट असलं की वर्षानुवर्षं सुरळीत चालतं. तुमच्या प्रोग्राममध्ये मात्र पायथनला वाटतं आपण मालक, आणि सी++ लाही तसंच वाटतं. दोघांनी एकच बटण मोडलं की प्रोग्राम तिथल्या तिथे संपतो. ना एक्सेप्शन (पायथनची पकडता येणारी चूक), ना संदेश.

पायबाइंडमध्ये याचा एक ठरलेला सापळा आहे आणि तुमचा सहकारी त्यात सापडला असण्याची शक्यता मला फार वाटते. सी++ चं फंक्शन नुसता पॉइंटर, म्हणजे वस्तूचा मेमरीतला पत्ता, परत देत असेल आणि बाइंडिंग लिहिताना मालकीबद्दल काहीच सांगितलं नसेल, तर पायबाइंड गृहीत धरतं की मालकी पायथनकडे आली. म्हणजे खिडकीकडे 'तुझं मुख्य बटण दे' असं मागितलं, काम झालं, पायथनमधला चल (व्हेरिएबल) गेला, की पायबाइंड ते बटण मोडून टाकतं. खिडकी मात्र ते आहे असं समजून पुढच्या वेळी रंगवायला जाते. गंमत अशी की हीच गोष्ट फंक्शनऐवजी प्रॉपर्टी म्हणून बांधली तर मूळ नियम वेगळा आहे: तिथे वस्तू मालकाच्या पोटातली मानली जाते आणि मालक जिवंत ठेवला जातो. म्हणून एकाच टूलकिटमधला अर्धा भाग नीट चालतो आणि अर्धा पडतो, आणि माणूस चक्रावून जातो.

हा दोष रोज का दिसत नाही, तेही सांगतो. पायबाइंडकडे पत्त्यांची नोंद असते. ते बटण मुळात पायथनमधूनच तयार झालं असेल आणि त्याचं पायथनकडचं आवरण, म्हणजे त्याच्यासाठीची पायथनमधली वस्तू, अजून जिवंत असेल, तर पायबाइंड तेच जुनं आवरण परत देतं आणि मालकीचा प्रश्न उठतच नाही. बटण सी++ ने स्वतः बनवलं असेल किंवा जुनं आवरण जाऊन बसलं असेल, तेव्हाच घाव बसतो. तुमच्या टेबलावर दहा मिनिटं चालवून पाहिलं की सगळं ठीक, कारखान्यात आठ तास चाललं की पडतं, ते असं.

म्हणून पहिलं काम: एक वही करा. खरंच वही, किंवा स्प्रेडशीट. पॉइंटर घेणारं किंवा देणारं प्रत्येक फंक्शन त्यात लिहा आणि पुढे तीन रकाने: वस्तू कोण बनवतं, कोण मोडतं, आणि कोणी कोणाला जिवंत ठेवायचं. टूलकिटचा सी++ कोड वाचून भरा, बाइंडिंगचा वाचून नव्हे. माझ्या टूलकिटमध्ये अशी तीनशेच्या आसपास फंक्शन्स निघाली आणि वही भरायला मला एक अख्खा पावसाळा लागला. त्यानंतर आलेला जवळजवळ प्रत्येक क्रॅश मी आधी त्या वहीत शोधला आणि मग कोडमध्ये.

ही कल्पना माझी नाही. या क्षेत्रातल्या सगळ्या मोठ्या कामांनी मालकी लिहून ठेवायची सोय मुद्दाम केली आहे. सिप हे साधन १९९८ मध्ये पायक्यूटीसाठी, म्हणजे क्यूटी या टूलकिटच्या पायथन बाइंडिंगसाठी, जन्मलं. त्यात प्रत्येक आर्ग्युमेंटपुढे 'ट्रान्सफर' अशी खूण करता येते, म्हणजे इथून पुढे मालक सी++. उलट्या दिशेची खूण वेगळी, नवी वस्तू बनवून देणाऱ्या फंक्शनची आणखी वेगळी. जीटीके हे टूलकिट तर ही नोंद बाइंडिंगवाल्यावर सोडतच नाही. सी कोडमधल्या टिपणीतच टूलकिटचा लेखक 'ट्रान्सफर फुल' (मालकी दिली) किंवा 'ट्रान्सफर नन' (दिली नाही) लिहितो आणि त्याची पायथन बाइंडिंग, पायजीऑब्जेक्ट, ते वाचून वागते. मला ही पद्धत सर्वांत आवडते, कारण ज्याने फंक्शन लिहिलं त्यालाच खरं माहीत असतं. तुमचं टूलकिट तुमच्याच कंपनीत लिहिलेलं आहे. सी++ वाल्या सहकाऱ्यांना गळ घाला आणि हेडरमध्ये प्रत्येक फंक्शनवर एक ओळ लिहून घ्या.

वही झाली की दुरुस्ती त्यामानाने यांत्रिक आहे. खिडकीच्या पोटात जाणाऱ्या विजेटचा (बटण, चौकट अशा घटकाचा) होल्डर, म्हणजे पायथनच्या बाजूने वस्तू सांभाळणारा भाग, 'न मोडणारा' करायचा, पायबाइंडमध्ये त्यासाठी नोडिलीट आहे. पॉइंटर देणाऱ्या प्रत्येक फंक्शनला मालकीचं धोरण स्पष्ट लिहायचं, एकही मोकळं सोडायचं नाही. फक्त एक लक्षात ठेवा, नोडिलीट लावलं की दुसऱ्या बाजूचा धोका उघडतो: खिडकी मोडते, बटण जातं, आणि पायथनच्या हातात मेलेला पत्ता राहतो. पायक्यूटी अशा वेळी 'आतली सी++ वस्तू मोडली गेली आहे' असा रनटाइम एरर देतं. नवशिके त्या एररला वैतागतात, पण तो एरर म्हणजे बाइंडिंग लिहिणाऱ्याने घेतलेली काळजी आहे. तुम्हीही ती घ्या. विजेट मोडताना सूचना देणारी जागा टूलकिटमध्ये असेल तर तिला जोडून घ्या, आवरणातला पत्ता शून्य करा, आणि प्रत्येक वेळी आत जाण्याआधी तपासा. तशी जागा नसेल तर टूलकिटमध्ये ती घालून घ्या. बाकी काही मिळालं नाही तरी चालेल, हे मिळवाच.

आता काजू कारखान्याकडे. तुमचा प्रोग्राम वजनकाटा वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे मुख्य कामाच्या बरोबरीने चालणाऱ्या धाग्यात, वाचतो असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा मला पावसजवळच्या एका बागायतदाराच्या पॅकिंग शेडमधला एप्रिल आठवला. फेब्रुवारी-मार्चभर तिथे माझा प्रोग्राम बिनबोभाट चालला. एप्रिलच्या मध्यावर पेट्या वाढल्या आणि दुपारी कधीतरी तो बंद पडायला लागला. बाहेर टेम्पो उभा, लेबलं अर्धी छापलेली, बायका हातातलं काम सोडून माझ्याकडे पाहतायत. मी तिथे दोन दिवस बसून होतो. थ्रेडमधून कुठे विजेटला हात लागतोय का, हे ओळ न् ओळ तपासलं. कुठेच लागत नव्हता.

सापडलं ते असं. पेटीचा तपशील भरायच्या डायलॉगच्या बटणाला एक लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन) जोडलेला होता, आणि त्या लॅम्डाने डायलॉगलाच धरून ठेवलं होतं. डायलॉग लॅम्डाला धरतो, लॅम्डा डायलॉगला. असं चक्र झालं की नुसत्या मोजणीने वस्तू सुटत नाही, पायथनचा गार्बेज कलेक्टर येऊन ते सोडवतो. आणि तो कलेक्टर स्वतःचा वेगळा थ्रेड घेऊन येत नाही. नव्या वस्तूंची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की त्या क्षणी जो थ्रेड वस्तू बनवत असेल त्याच्याच पाठीवर बसून तो चालतो. आमचा काटा वाचणारा थ्रेड प्रत्येक वजनाची नोंद डिक्शनरीत घालून दिवसभराच्या यादीत साठवत होता. पेट्या कमी होत्या तोवर मर्यादा बहुतेक मुख्य थ्रेडमध्ये ओलांडली जायची. पेट्या वाढल्यावर ती काट्याच्या थ्रेडमध्ये ओलांडली जाऊ लागली, आणि जुना डायलॉग भलत्याच थ्रेडमध्ये मोडला जाऊ लागला. जीयूआय टूलकिटला हे चालत नाही, त्याच्या वस्तूंना मुख्य थ्रेडनेच हात लावायचा असतो.

तुमच्याकडे हेच आहे का हे पाहायला कारखान्यात जाऊन बसू नका. काटा वाचणाऱ्या थ्रेडमध्ये प्रत्येक वाचनानंतर गार्बेज कलेक्टर मुद्दाम हाताने चालवा आणि डायलॉग उघडबंद करत राहा. दोष असेल तर तो काही मिनिटांत तुमच्या टेबलावर येतो. याच्याबरोबर फॉल्टहँडलर चालू ठेवा. हे मॉड्यूल पायथन ३.३ पासून त्याच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे. प्रोग्राम कोसळताना प्रत्येक थ्रेड पायथनच्या कुठल्या ओळीवर होता ते हे लिहून जातं, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत त्या वेळी गार्बेज कलेक्शन चालू होतं का हेही सांगतं. विंडोजवर कन्सोलशिवाय चालणाऱ्या प्रोग्रामला एरर लिहायला जागाच नसते, म्हणून त्याला एक फाइल उघडून द्या आणि ती शेवटपर्यंत उघडी ठेवा. काहीही संदेश न देता बंद पडणाऱ्या प्रोग्रामवर याच्याइतका स्वस्त उपाय नाही. हे आजच करा.

उपाय बाइंडिंगमध्ये हवा, वापरणाऱ्याच्या कोडमध्ये नको. 'लॅम्डा वापरू नका' असं दस्तऐवजात लिहून भागत नाही, लोक वापरणारच. होल्डरला स्वतःचा डिलीटर (वस्तू मोडणारा कोड) द्या. त्याने आधी पाहायचं की आपण जीयूआयच्या थ्रेडमध्ये आहोत का. असू तर मोडायचं. नसू तर पत्ता एका रांगेत ठेवायचा आणि इव्हेंट लूपच्या (क्लिकसारख्या घटना हाताळत फिरणाऱ्या चक्राच्या) पुढच्या फेरीत मुख्य थ्रेडने मोडायचा. माझ्याकडे हे साठेक ओळींत झालं, आणि त्या शेडमध्ये तो क्रॅश परत दिसला नाही.

जीआयएलबद्दल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणाऱ्या कुलपाबद्दल, थोडक्यात. इव्हेंट लूप चालवणाऱ्या फंक्शनवर जीआयएल सोडण्याचा गार्ड लावा, नाहीतर लूप आत वाट पाहत बसतो आणि काट्याचा थ्रेड बाहेर ताटकळतो. पायथनने ओव्हरराइड केलेल्या व्हर्च्युअल फंक्शन्समध्ये पायबाइंडचे मॅक्रो तो परत घेतात, पण तुम्ही हाताने लिहिलेल्या कॉलबॅकमध्ये (टूलकिट उलट बोलावतं त्या फंक्शनमध्ये) तुम्हालाच घ्यावा लागतो. आणि जीआयएलविना चालणारा पायथन, जो ३.१३ बरोबर ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रयोग म्हणून आला, त्याला आपलं मॉड्यूल तयार असल्याचं इतक्यात जाहीर करू नका. जाहीर केलं नाही तर पायथन इशारा देऊन जीआयएल पुन्हा चालू करतो, आणि तुमच्यासाठी सध्या तेच योग्य आहे.

पायथनच्या कॉलबॅकमध्ये एक्सेप्शन आलं तर काय करायचं हा निर्णय मात्र विचारपूर्वक घ्या. ते एक्सेप्शन टूलकिटच्या इव्हेंट लूपमधून वर जाऊ द्यायचं नाही, सीमेवरच पकडायचं. पायक्यूटी पूर्वी नुसता ट्रेसबॅक (चूक कुठल्या ओळींतून आली त्याची यादी) छापून पुढे जायचं. ५.५ पासून, ते कुणी हाताळलं नाही तर प्रोग्राम बंद करतं. त्या वेळी अनेकांना ते कठोर वाटलं. मला ते बरोबर वाटतं. काट्याच्या प्रोग्राममध्ये अर्धवट स्थितीत पुढे जाऊन चुकीचं वजन छापण्यापेक्षा थांबलेलं बरं, कारण त्या आकड्यावर कुणाची तरी मजुरी ठरते. पण थांबण्याआधी पडद्यावर मराठीत दोन ओळी लिहा आणि ट्रेसबॅक फाइलमध्ये ठेवा.

मराठीचा विषय निघाला म्हणून: तुमच्या टेस्टमध्ये देवनागरी आहे का? टूलकिट मजकूर साठवायला आतून यूटीएफ-८ पद्धत वापरत असेल तर कर्सरची जागा ते बाइटमध्ये सांगेल, पायथन मात्र कोडपॉइंट (युनिकोडची चिन्हं) मोजतो. 'आंबा' पायथनला चार, यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. 'वेंगुर्ले' नऊ आणि सत्तावीस. इंग्रजीत दोन्ही आकडे सारखेच येतात, म्हणून इंग्रजी टेस्ट हिरव्या राहतात आणि कारखान्यातल्या बाईंनी नाव दुरुस्त करायला घेतलं की भलतंच अक्षर पुसलं जातं. टूलकिट यूटीएफ-१६ वापरत असेल, जसं क्यूटी वापरतं, तर उलट देवनागरीत सगळं जुळतं आणि इमोजीवर फसतं. म्हणून माझ्या प्रत्येक मजकूर-टेस्टमध्ये 'वेंगुर्ले' असतं आणि त्यापुढे आंब्याचं इमोजी, जे यूटीएफ-१६ मध्ये दोन घरं घेतं. हिशेबाचं रूपांतर एकाच जागी करा, विजेटागणिक नको.

आता बिल्ड. पायथन ३.९ पासून दर ऑक्टोबरात नवी आवृत्ती येते, म्हणजे हा दरवर्षीचा ठरलेला पाहुणा आहे. तुमच्या रिपॉझिटरीत पायबाइंडची जुनी प्रत कॉपी करून ठेवलेली असणार. पायथन ३.११ ने फ्रेमची (चालू फंक्शनच्या नोंदीची) आतली रचना झाकली, जुनं पायबाइंड तिथे हात घालत होतं, म्हणून तुटलं. ३.१२ ने डिस्ट्युटिल्स हे बिल्डचं जुनं मॉड्यूल काढून टाकलं, तिथे जुनी सेटअप फाइल तुटली. पायबाइंड ताजं करा, बिल्डची पद्धत बदला, यातला बराचसा त्रास एका आठवड्यात संपेल. ३.१० मध्ये माझ्या वापरकर्त्यांना जो फटका बसला तो तुम्हाला बसला नसेल. पूर्णांकाच्या जागी दशांश संख्या दिली तर आधी ती गुपचूप कापली जायची, ३.१० ने ते बंद केलं, आणि बटण मधोमध बसवायला रुंदीला दोनने भागणारा प्रत्येक प्रोग्राम टाइप एरर देऊ लागला. पायबाइंड अशी संख्या ३.१० च्या बरंच आधीपासून नाकारत आलंय.

माझं वेळापत्रक सांगतो, तुमचे ग्राहक माझ्यासारखेच आहेत म्हणून. फेब्रुवारी ते मे, काजू आणि आंबा असेपर्यंत, शेडमधल्या किंवा कारखान्यातल्या कुठल्याही मशीनवर काही बदलत नाही. पायथनची पहिली बीटा (चाचणीसाठीची आवृत्ती) साधारण मे महिन्यात येते आणि तिथून पुढे नवीन गोष्टी घेणं बंद होतं. जूनपासून जुलैअखेर मासेमारी बंद असते, बंदरावरचे लिलाव थंडावतात, तेव्हा मी बीटावर सगळ्या टेस्ट चालवतो. अडचण टूलकिटची असेल तर टूलकिटमध्ये, पायथनची असेल तर तेव्हाच कळवतो, कारण ऑक्टोबरनंतर कळवून उपयोग नसतो. नवी व्हील्स (चढवायला तयार पायथन पॅकेजेस) दिवाळीनंतर बांधतो, जानेवारीअखेर मशीनवर चढवतो.

आणि जुनी आवृत्ती घाईने सोडू नका. विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती पायथन ३.८. तिचा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला, पण काट्याला जोडलेली जुनी मशीन्स अजून चालू आहेत. त्यांच्यासाठी मी एक वेगळी शाखा ठेवली आहे, तिच्यात फक्त क्रॅशच्या दुरुस्त्या जातात. सगळी व्हील्स पेनड्राइव्हवरून, नेटशिवाय चढतील अशी बांधा. पावसात दोन-दोन दिवस नेट जातं तेव्हा पॅकेज उतरवून घेण्याची वाट पाहता येत नाही.

शेवटचं. तुमचा जो सहकारी सोडून गेला त्याला फोन करा. वही अर्धीअधिक भरल्यावर करा, आधी नको. तोवर तुमच्याकडे नेमके प्रश्न असतील: इथे नोडिलीट का लावलंस, तिथे एक पॉइंटर मुद्दाम धरून का ठेवलास. बाइंडिंगमधली विचित्र दिसणारी ओळ बहुधा कुठल्या तरी खऱ्या क्रॅशवर ठेवलेला हात असते. तो कशासाठी ठेवला होता हे त्याच्या तोंडून ऐकून वहीत उतरवून घ्या, आणि मगच ती ओळ काढायची की ठेवायची ते ठरवा.